ओढ्यालगतचं ऑफिस मागच्या बाजूला वाढवायचंय. पुराचा परिणाम कसा तपासतात? ओढ्याला एरवी पाणी नसतं, मग ही फक्त फॉर्मॅलिटी का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि डोकं तापलं, म्हणून लिहितोय.

मी सर्व्हेचं काम करतो. पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला असंच एक काम होतं. जुनी दुमजली इमारत, मागे ओढा, पलीकडच्या काठावर बैठी घरं, आणि नवी विंग नेमकी ओढ्याच्या अंगाला. आर्किटेक्टसाहेबांच्या नकाशात ओढा म्हणजे दोन सरळ रेघा. मी लेव्हलिंग स्टाफ (उंची मोजायची खुणांची पट्टी) घेऊन काठाने फिरलो, तर करंजाच्या फांद्यांना पिशव्या, चिंध्या, वाळलेलं गवत सगळं एकाच उंचीला अडकलेलं. तिथली लेव्हल (उंची) घेतली, तर ती नव्या प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर निघाली. वॉचमनमामांना विचारलं. ते म्हणाले, "25 सप्टेंबरच्या रात्री केबिनची खिडकी बुडाली होती." म्हणजे 2019 चा पूर. त्याच रात्री अरण्येश्वरला भिंत कोसळून माणसं गेली होती.

साहेबांना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे तोडगा काढला: भराव टाकून प्लिंथ उचलू आणि सीमाभिंत काँक्रीटची करू. मी म्हटलं, अहो, मग पाणी समोरच्या घरांत जाईल. त्यावर उत्तर आलं, "ते आपल्या स्कोपमध्ये नाही." मी हे लेखी कळवलं, तर माझं बिल अडकलं आणि पुढचं काम दुसऱ्याकडे गेलं.

तर परिणाम तपासायचा तो याच 'स्कोपमध्ये नसलेल्या' गोष्टीचा. तुमच्या जागेच्या वर आणि खाली बऱ्याच अंतरापर्यंत ओढ्याचे क्रॉस सेक्शन (आडवे छेद) घ्यायचे, दोन्ही काठांसकट. मोऱ्या आणि पूल सोडायचे नाहीत, कारण पाणी तुंबतं ते तिथेच. मग वरच्या पाणलोटातून येणारा विसर्ग (पुरात दर सेकंदाला किती पाणी येतं ते) काढून ओढ्याचं कॉम्प्युटर मॉडेल दोनदा चालवायचं, एकदा आजच्या स्थितीत आणि एकदा बांधकाम, भराव, भिंत धरून. दोन्हींतला पातळीचा फरक हा खरा परिणाम, आणि तो समोरच्या काठावर व वरच्या अंगाला किती आहे ते आकड्यात हवं. मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत आपल्याच प्लिंथची उंची रंगवलेली असते, शेजाऱ्याबद्दल अवाक्षर नसतं. भरावाने पाणी पसरायची जागा खाल्ली असेल, तर तेवढी माती त्याच पातळीला दुसरीकडून काढून द्यावी लागते. यावरून माझं अजूनही लोकांशी वाजतं.

"खांबांवर बांधतोय, खालून पाणी जाईल" हेही मला सांगू नका. दोन वर्षांत त्या पार्किंगला काचा लागतात आणि आत कँटीन किंवा जनरेटर येतो.

फॉर्मॅलिटीचं म्हणाल, तर आपल्याकडे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या पूररेषा असतात: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून निश्चिंत होऊ नका. तसा पूर पुढच्या तीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते.

हो, हे सगळं मी पुण्यातल्या ओढ्यांवरून सांगतोय. बऱ्याच छोट्या ओढ्यांवर पूररेषा आखलेलीच नसते. तेव्हा जलसंपदा विभाग आणि महापालिका दोन्हीकडे आधी विचारा, ओढ्यापासून किती अंतर सोडायचं त्याचे नियमही तिथूनच लेखी घ्या, माझ्या भरवशावर राहू नका. खर्चाचा आकडा जागा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मात्र कन्सल्टंट नेमताना वर्क ऑर्डरमध्येच लिहा की समोरच्या काठाची आधीची व नंतरची पातळी द्यायची. तेवढ्यावर कुरकुर करेल त्याला नेमू नका. आणि जागा ठाणे-मुंबईकडे खाडीलगत असेल तर एवढ्याने भागत नाही. पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली असं धरूनही मॉडेल चालवावं लागतं.