प्रश्न वाचकांचे : कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढावी कशी?

कुत्र्यांच्या अंगावरील गोचिडींविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या कानामागे वाटाण्याएवढी फुगलेली राखाडी गोचीड दिसली. घरातल्या एकाने तिच्यावर तेल सोडायला सांगितले, दुसऱ्याने पेटवून विझवलेली गरम काडी टेकवायला सांगितली. म्हणजे ती आपोआप सुटते म्हणे. यांतले कोणते करावे?

उत्तर : दोन्ही करू नये. गोचीड त्वचेवर नुसती बसलेली नसते. सोंडेसारखा मुखाचा भाग ती त्वचेत रुतवते, त्यावर मागे वळलेले बारीक दाते असतात, आणि अनेक जातींच्या गोचिडी लाळेतून चिकट द्रव सोडून तो भाग जखमेत पक्का बसवतात. त्यामुळे मनात आले म्हणून तिला झटकन सुटता येतच नाही. तेल, व्हॅसलीन किंवा नेलपॉलिश लावून तिचा श्वास कोंडावा, हा विचार वरवर पटतो. परंतु गोचीड तासाभरात अगदी मोजक्या वेळा श्वास घेते, म्हणून ती गुदमरायला पुष्कळ वेळ लागतो. तेवढा सगळा वेळ ती चिकटलेलीच राहते, आणि डिवचली गेल्यामुळे आपली लाळ व पोटातील द्रव जखमेत ओकण्याची शक्यता वाढते. रोगजंतू याच वाटेने कुत्र्याच्या रक्तात शिरतात. काडीने तर केस व कातडी भाजते, आणि एकदा भाजलेला कुत्रा पुन्हा कानाला हात लावू देत नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, मीठ यांचीही गत वेगळी नाही.

योग्य पद्धत साधी आहे. टोकाला निमुळता असलेला चिमटा, रबरी हातमोजे, झाकणाची लहान बाटली आणि तिच्यात थोडे स्पिरिट एवढी तयारी आधी करून ठेवावी, कारण चिमट्यात गोचीड धरून बाटली शोधत फिरण्याची वेळ अनेकांवर येते. कुत्र्याला उजेडात बसवावे आणि त्याच्या विश्वासातल्या माणसाने त्याचे डोके हलकेच धरून त्याच्याशी बोलत राहावे. गोचिडीभोवतीचे केस बोटांनी बाजूला सारले की त्वचेला टेकलेला तिचा पुढचा भाग आणि आखूड पाय दिसतात. फुगलेला राखाडी भाग हे तिचे पोट असून चिमट्याने तेथे कधीही धरू नये. ते दाबले गेले तर आतले रक्त उलट जखमेत जाऊ शकते. चिमट्याची टोके त्वचेला अगदी लागून, गोचिडीच्या मुखाशी आणावीत, तेथे तिला पकडावे आणि सरळ वरच्या दिशेने, एकसारख्या बेताच्या जोराने ओढावे. हिसका देऊ नये आणि चिमटा पिळू नये. ओढताना आजूबाजूची त्वचा तंबूसारखी किंचित वर उचलली जाते. तेथे घाबरून सोडून न देता तोच जोर काही क्षण कायम ठेवला की पकड सुटते आणि गोचीड अख्खी बाहेर येते. तिच्या तोंडाशी कधी कधी कातडीचा पांढुरका कण चिकटलेला दिसतो, त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

गोचीड काढण्यासाठी खाच असलेली आकडी विकत मिळते. तिची रीत वेगळी आहे : खाच त्वचेलगत बाजूने सरकवून गोचीड तिच्यात अडकवायची आणि आकडी हलकेच फिरवत वर उचलायची. म्हणजे चिमट्याने सरळ ओढायचे आणि आकडीने फिरवायचे. या दोन रीतींची सरमिसळ झाली की तोंडाचा भाग तुटतो. पोट न दाबता काढता येत असल्याने फुगलेल्या गोचिडीसाठी मला स्वतःला आकडी अधिक सोयीची वाटते. अगदी बारीक गोचिडींना मात्र निमुळत्या चिमट्याला पर्याय नाही. काहीच हाताशी नसेल तर हातमोजा किंवा कागदी रुमाल घेऊन नखांच्या टोकांनी त्वचेलगत धरून काढावी, पण चिमटा मिळेपर्यंत दिवसभर थांबू नये.

त्यानंतर ती जागा साबणाच्या पाण्याने किंवा सौम्य जंतुनाशकाने पुसावी आणि आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत. डोळ्याच्या पापणीवर, कानाच्या खोल भागात किंवा हिरडीवर चिकटलेली गोचीड घरी काढण्याचा हट्ट न धरता पशुवैद्यांकडे जावे.

प्रश्न : गोचीड ओढताना तिचे डोके आतच राहिले. आता ते सुईने उकरून काढावे का?

उत्तर : उकरू नये. आत राहते ते बहुधा डोके नसून मुखाचा तुटलेला भाग असतो. तो चिमट्यात सहज पकडता आला तर काढावा, नाहीतर तसाच राहू द्यावा. पायात रुतलेले बारीक कुसळ जसे शरीर हळूहळू बाहेर टाकते, तसाच हा तुकडाही काही दिवसांत बाहेर पडतो. सुईने त्या जागेची जी नासधूस होते ती त्या तुकड्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरते. गोचीड पूर्ण निघाली तरीही तेथे लहानशी गाठ किंवा लाली येऊ शकते आणि ती एक-दोन आठवडे टिकू शकते. तेवढ्यावरून डोके आत राहिले असा निष्कर्ष काढू नये. सूज वाढत गेली, पू आला किंवा कुत्रा ती जागा सतत चाटू लागला तर मात्र दाखवून घ्यावे.

प्रश्न : पोटाला हात लावताना एक टणक गाठ लागली. गोचीड समजून ओढली तर कुत्रा कळवळला. ती गोचीड नव्हती का?

उत्तर : बहुतेक ते स्तनाग्र असावे. नर कुत्र्यालाही पोटाच्या दोन्ही बाजूंना स्तनाग्रांची रांग असते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. चामखिळीबाबतही हीच गफलत होते. केस बाजूला सारून, भिंग किंवा मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहावे. त्वचेशी पाय दिसले तर ती गोचीड होय. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला 8 पाय असतात. पाय दिसल्याशिवाय काहीही ओढू नये.

प्रश्न : काढलेल्या गोचिडीचे काय करावे? चिरडली तर अंडी सगळीकडे पसरतात, असे ऐकले आहे.

उत्तर : चिरडू नये हे खरे, पण कारण वेगळे आहे. मादी पोटभर रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि मग एखाद्या आडोशाला अंडी घालते. खरा धोका तिच्या पोटातील रक्ताचा आहे, कारण त्यात रोगजंतू असले तर ते आपल्या बोटावरच्या बारीकशा चिरेतून किंवा डोळ्याला हात लागल्याने शरीरात जाऊ शकतात. म्हणून गोचीड स्पिरिटमध्ये बुडवून झाकण लावावे. साध्या पाण्यात ती बराच वेळ जिवंत राहते. स्पिरिट नसेल तर चिकटपट्टीत दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळून कचऱ्यात टाकावी. ती बाटली काही आठवडे जपून ठेवावी आणि वर तारीख लिहावी, असे मी सुचवीन. कुत्रा पुढे आजारी पडला तर पशुवैद्यांना या माहितीचा उपयोग होतो.

प्रश्न : गोचीड काढली, कुत्रा खेळतो आहे, जेवतो आहे. तरीही त्याला ताप येईल का? खबरदारी म्हणून आधीच औषध द्यावे का?

उत्तर : प्रत्येक गोचिडीत रोगजंतू नसतात आणि प्रत्येक दंशाने आजार होत नाही. गोचीड किती वेळ चिकटून होती याला महत्त्व आहे. पण सगळे जंतू सारखाच वेळ घेत नाहीत. बबेसिया हा लाल रक्तपेशींत वाढणारा परजीवी पसरायला सहसा एक-दोन दिवस लागतात, तर एर्लिकिया हा जिवाणू काही तासांतही कुत्र्याच्या शरीरात जाऊ शकतो. त्यामुळे ‘एक दिवसाच्या आत काढली की भीती नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. दिसली की लगेच काढावी, हेच बरे.

एर्लिकियाची लक्षणे बहुधा संसर्गानंतर 8 ते 20 दिवसांत दिसू लागतात. ताप, सुस्ती, खाण्यावरची वासना जाणे, मानेच्या व पायांच्या गाठी सुजणे ही सुरुवातीची चिन्हे असतात. पुढे रक्तातील प्लेटलेट कमी होऊन नाकातून रक्त येते, हिरड्यांवर किंवा पोटाच्या उघड्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. फसवी गोष्ट अशी, की पहिला ताप कधी कधी आपोआप उतरतो, कुत्रा बरा झाल्यासारखा वाटतो आणि आजार आत दबून राहून काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही गंभीर रूपात वर येतो. बबेसियात लाल पेशी फुटत असल्याने हिरड्या फिकट पडतात आणि लघवी गडद, तपकिरी-लालसर होते. अशी लघवी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आधीच प्रतिजैविक देण्याची गरज सहसा नसते आणि मनाने तर ते देऊच नये. दोन्ही आजारांची औषधे वेगवेगळी आहेत, म्हणून रक्ततपासणी आवश्यक असते. ताप आला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देणे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. गोचीड काढल्यानंतर तीन-चार आठवडे रोज हिरड्यांचा रंग, भूक आणि चाल पाहत राहावे. मागचे पाय लटपटू लागले तर तेही तातडीचे लक्षण समजावे. काही जातींच्या गोचिडींच्या लाळेतील विषाने पायांपासून वर चढत जाणारा लकवा येतो.

प्रश्न : दर आठवड्याला आम्ही गोचिडी काढतो आणि पुढच्या आठवड्यात तितक्याच पुन्हा दिसतात. कुत्रा फारसा बाहेरही जात नाही. या येतात कुठून?

उत्तर : बहुधा घरातूनच. कुत्र्यावर सर्वाधिक आढळणारी तपकिरी गोचीड घराच्या आत आपले संपूर्ण जीवनचक्र पार पाडू शकते. अंड्यातून 6 पायांची अळी निघते, ती कुत्र्याचे रक्त पिऊन खाली गळते, कात टाकते, पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा गळते. पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढते. मादी शेवटी खाली पडते ती हजारो अंडी घालूनच मरते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकूण गोचिडींपैकी थोड्याच असतात. बाकीच्या भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या फटींत, पलंगाखाली, कुत्र्याच्या अंथरुणाच्या शिवणीत दडलेल्या असतात. ही गोचीड वर चढणारी असल्याने भिंतींचे वरचे कोपरेही तपासावेत. पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावाचून कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरते, त्यामुळे महिनाभर उपचार करून थांबलात तर सगळे पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून घरातील सर्व कुत्र्यांना, पशुवैद्यांनी ठरवलेल्या अंतराने, काही महिने सलग प्रतिबंधक औषध द्यावे. अंथरूण दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवावे, फटी व्हॅक्यूमने साफ करून नंतर बुजवाव्यात. प्रादुर्भाव मोठा असेल तर घरात फवारणीही करावी लागते. त्या वेळी आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत जनावरांना व मुलांना दूर ठेवावे.

मानेवर सोडायचे थेंब, गळ्यातले औषधी पट्टे आणि खाण्याच्या गोळ्या हे तिन्ही प्रकार उपयोगी आहेत. गोळी दिल्यावरही एखादी गोचीड चिकटलेली दिसते आणि औषध निकामी आहे असे वाटते. परंतु गोळीचे औषध कुत्र्याच्या रक्तातून काम करते, म्हणजे गोचिडीने चावा घेतल्यावरच ती मरते. अफोक्सोलानर, फ्लुरालानर या गटातील गोळ्यांनी क्वचित झटके आल्याची नोंद असल्याने कुत्र्याला फिट येत असतील तर ते आधी सांगावे. थेंब वापरणार असाल तर आधी व नंतर साधारण दोन दिवस अंघोळ घालू नये. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध आणूच नये, कारण ते मांजराला घातक असते. लसूण खाऊ घातल्याने गोचिडी दूर राहतात हा समज तर उलट अंगाशी येणारा आहे. लसणाने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचे कान गोचिडींनी भरून गेले आहेत. एकेक करून सगळ्या काढाव्यात का?

उत्तर : नाही. इतक्या गोचिडी एका बैठकीत ओढल्या तर पिल्लाला वेदना होतात, असंख्य लहान जखमा होतात, आणि बारीक गोचिडी तरीही राहून जातात. शिवाय एवढ्या गोचिडींनी रक्त शोषल्याने लहान पिल्लाला पंडुरोग होऊन ते दगावू शकते, म्हणून आधी हिरड्यांचा रंग पाहावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. पिल्लाचे वय व वजन पाहून दिलेल्या औषधाने बहुतेक गोचिडी एक-दोन दिवसांत मरून गळतात. मोठ्या कुत्र्याचे औषध अर्धे करून पिल्लाला लावू नये.

प्रश्न : कुत्र्याचा गोचीड-ताप आम्हाला होईल का?

उत्तर : कुत्र्याला कुरवाळल्याने किंवा त्याच्या उष्ट्याने तो होत नाही. गोचीड मात्र माणसालाही चावते आणि तिच्यातून माणसाला काही आजार होऊ शकतात. आपल्या अंगावर गोचीड आढळली तर ती वर सांगितल्याप्रमाणेच चिमट्याने काढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर गोचीड चावल्याचे आणि तारखेचेही सांगावे.