इंजिन बदललेली जुनी स्पोर्ट्‌स कार : इसार पावतीतील एक ओळ

लातूरच्या एका वाचकांनी छत्रपती संभाजीनगरमधील मालकाकडून २००१ सालची सॅन स्टॉर्म ही स्पोर्ट्‌स कार सहा लाखांना ठरवली आणि दीड लाख रुपये इसार दिला. गाडीचे मूळ १,१४९ सीसीचे रेनॉ इंजिन काढून दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन बसवले आहे आणि रुंद टायरांसाठी फायबरची बॉडी कापली आहे, हे त्यांना नंतर मेकॅनिककडून कळले. व्यवहार पूर्ण करावा की सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे. जीप आणि बुलेटबाबत अशीच पत्रे वरचेवर येतात आणि त्या प्रत्येकात पैसे आधी मोजलेले असतात.

आपण सातबारा न पाहता शेत घेतले नसते. मग आरसीवरचा क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी ताडून न पाहता दीड लाख कसे दिले, हे मला खरोखर समजत नाही. तरीही आपल्या इसार पावतीत एक ओळ आपल्या बाजूची आहे. मालकाने आरसी समोर ठेवून इंजिन क्रमांक जसाच्या तसा पावतीवर उतरवला आहे, आणि आपण पाठवलेल्या छायाचित्रात इंजिनावर कोरलेला क्रमांक वेगळाच दिसतो. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन देऊन विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. पावतीत ‘गाडी आहे त्या स्थितीत, नंतर तक्रार चालणार नाही’ असेही लिहिले आहे आणि मालक त्याचा आधार घेईल; परंतु माझ्या मते ते शब्द गाडीच्या अवस्थेपुरते आहेत, पावतीत लिहिलेले इंजिनच गाडीत नसेल तर ते झाकण्यासाठी नाहीत. न्यायालय हेच म्हणेल, अशी हमी मात्र देता येत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपासून वाहन दूर नेण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. कलम १८२-अ मधील दंड, म्हणजे प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, बदल करणाऱ्या मालकाला आहे; पण नोंदणी अडली तर ती आपली अडेल. या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०१६ मध्ये संपली असून नूतनीकरण झालेले नाही. त्यासाठी आरटीओत प्रत्यक्ष तपासणी होते, चेसिस व इंजिन क्रमांक ताडले जातात, आणि ‘एजंट करून देईल’ या मालकाच्या आश्वासनाला तिथे काडीची किंमत नाही. विंटेज नोंदणीची सवलत पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांना असल्याने तोही मार्ग बंद आहे. विम्याचे प्रश्न पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत.

आता खरी घाई मुदतीची आहे. दोन महिन्यांत उरलेली रक्कम न दिल्यास इसार जप्त होईल, असे पावतीत आहे आणि ती मुदत या महिनाअखेरीस संपते. आपण गप्प राहिलात तर करार आपणच मोडल्याचे मालक म्हणेल. म्हणून मुदतीपूर्वीच पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस द्या: इंजिन पावतीतील वर्णनाशी जुळत नाही, मालकाने स्वतःच्या नावावर असतानाच बदलांना आरटीओची मंजुरी आणि नोंदणीचे नूतनीकरण आणावे, अन्यथा इसार परत करावा. दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला मंजुरी मिळणे मला कठीण दिसते. तोवर गाडी ताब्यात घेऊ नका, ‘फक्त शेडमध्ये ठेवतो’ म्हणूनही नाही, कारण ताबा घेऊन गप्प बसणे म्हणजे माल स्वीकारणे असा अर्थ मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ खाली लागू शकतो.

मालक व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा मिळणार नाही आणि दिवाणी दाव्यात दीड लाखांसाठी वर्षे जातात. नुसत्या समन्सच्या बजावणीतच किती महिने जावेत, याला ताळतंत्र उरलेले नाही. त्यामुळे नोटिशीनंतर मालक काही रक्कम कापून इसार परत द्यायला तयार झाला, तर ती कपात किती सोसायची हे आधीच ठरवून ठेवा आणि तडजोड लेखी करून घ्या. आरसीवर नव्या इंजिनाची नोंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उरलेल्या साडेचार लाखांतील एक रुपयाही देऊ नका.