पेशी जिवंत आहे, पण काम करते का?

प्रिय बेटा,

यकृताच्या पेशी वाढवलेल्या तुझ्या प्लेटचा फोटो काल रात्री पाहिला. पॅरासिटामॉलच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) जांभळा रंग फिका, आणि भुईआवळीचा अर्क घातलेल्या वेलमध्ये पुन्हा गडद. खाली तू लिहिलंस, ‘मॅडम, अर्काने पेशी वाचवल्या!’ तुझ्या आजींनी हिंगोलीकडे कावीळ झालेल्या माणसांना भुईआवळी वाटून दिली, आणि तीच घेऊन तू छत्रपती संभाजीनगरच्या लॅबमध्ये बसलीस, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आजच कर. पेशी नसलेल्या वेलमध्ये नुसतं मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण), अर्क आणि एमटीटी हा रंग घालून ठेव. पिवळ्या एमटीटीचं क्षपण झालं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, की जांभळं फॉर्माझान बनतं. हे काम जिवंत पेशी करते, पण त्याला पेशीच लागते असं नाही. अर्कातली पॉलिफेनॉलं ही वनस्पतीतली रसायनंही ते परस्पर करू शकतात, आणि भुईआवळीत ती भरपूर असतात. ती रिकामी वेल जांभळी झाली, तर कालचा रंग पेशींचा किती आणि अर्काचा किती, हे तुला सांगताच येणार नाही. मी एका अर्कावर आठ महिने घालवले होते आणि ही रिकामी वेल लावली ती अगदी शेवटच्या आठवड्यात. तो आठवडा तुझ्या वाट्याला येऊ नये.

ती वेल पिवळी राहिली तरी मोठा प्रश्न उरतोच. तू वापरतेस ती हेप-जी२ लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत नेलेल्या पेशी) अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून तयार झाली. ती छान वाढते, यकृतात बनणारं अल्ब्युमिन हे प्रथिनही बनवते. पण अमोनियाचा युरिया करणं तिला जमत नाही, आणि औषधांवर काम करणारी सायटोक्रोम पी४५० एन्झाइम तिच्यात फार थोडी असतात. आता पॅरासिटामॉल यकृतात काय करतं ते बघ. खरं विष बनतं पेशीच्या आत: सीवायपी२ई१ हे त्यातलंच एक एन्झाइम पॅरासिटामॉलच्या थोड्या भागाचं एनएपीक्यूआय हे विषारी रसायन करतं. पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन शिल्लक आहे तोवर ते पकडलं जातं. ग्लुटाथायोन संपलं की ते प्रथिनांना चिकटतं, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि पेशी मरते. तुझ्या पेशींत हे एन्झाइम नगण्य. मग त्या मेल्या त्या भल्या मोठ्या डोसने, बहुधा वेगळ्याच वाटेने. अर्काने त्यांना नेमकं कशापासून वाचवलं, हे कोण सांगणार?

ताज्या यकृतपेशी घेतल्या की उलटी फसगत होते. अर्क आधी आणि पॅरासिटामॉल नंतर दिलं, तर अर्क कदाचित फक्त सीवायपी२ई१ला अडवत असेल. विष बनलंच नाही, म्हणून पेशी जगल्या. दवाखान्यात येणारा माणूस तर गोळ्या गिळून झाल्यावर येतो. म्हणून अर्क दोन तासांनी, चार तासांनी दिलेल्या रांगाही लाव, आणि शेजारी एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची (पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरच्या उताऱ्याची) एक रांग ठेव. मी वाचलेल्या कितीतरी प्रबंधांत ही नंतरची रांग नसते. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडची पोरं बसभाडं वाचवून हे काम करतात. आणि हेही लक्षात असू दे: आजींकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची कावीळ विषाणूची असणार. हिपॅटायटिस ए बहुतेकांत आपोआप बरा होतो. त्यामुळे गावच्या अनुभवावरून अर्काचा निकाल लागत नाही, आणि तुझ्या प्लेटवरून त्या अनुभवाचाही लागत नाही.

नैतिकता समितीची परवानगी आली की उंदराच्या यकृतातून पेशी काढायला शिकशील. आधी यकृताच्या रक्तवाहिन्यांतून ३७ अंशांचं कॅल्शियमविरहित द्रावण सोडायचं, कारण पेशींना एकमेकींशी बांधणारे सांधे कॅल्शियमवर टिकतात. मग कोलॅजिनेज, म्हणजे पेशींभोवतीचं कोलॅजेनचं जाळं तोडणारं एन्झाइम; त्याला मात्र कॅल्शियम हवं. इथे पाण्याला जप. आपल्या बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर चढतो ना, तेच कॅल्शियम. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा मी जिथे होते तिथला डिस्टिलेशनचा संच बंद पडला होता, कारण त्याच्या कंडेन्सरला सतत वाहतं पाणी लागतं. कुणीतरी डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमध्ये टँकरचं गाळलेलं पाणी भरून ठेवलं. आम्ही द्रावणात ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालत नव्हतो. एकापाठोपाठ तीन यकृतांच्या पेशी सुटल्या नाहीत. तीन जीव गेले आणि हाती काहीच आलं नाही. द्रावण करण्याआधी दर वेळी पाण्याची कंडक्टिव्हिटी मोज, त्यावरून त्यात क्षार आहेत का ते कळतं.

पेशी हाती आल्या की ट्रिपॅन ब्ल्यू या रंगाच्या चाचणीवर थांबू नकोस. त्याने फक्त पेशीचं आवरण शाबूत आहे एवढंच कळतं. साध्या प्लास्टिकवर यकृतपेशी काही दिवसांत आपलं काम विसरतात. कोलॅजेनच्या दोन थरांमध्ये ठेवल्या तर जास्त दिवस टिकतात. रोज युरिया आणि अल्ब्युमिन मोज. पुढे जठराकडे वळलीस तर तिथे आणखी एक सापळा आहे. आम्ल बनवणारी पेशी विश्रांतीत असताना आपले आम्ल सोडणारे पंप आतल्या पिशव्यांत ठेवते, हिस्टामिन मिळालं की ते पृष्ठभागावर आणते. तिला काम न सांगता रीडिंग घेतलंस तर चांगली पेशीही आळशी दिसेल.

आता मला सगळ्यात खटकलेलं. ‘तिसऱ्या रांगेतले आकडे जुळले नाहीत म्हणून काढले,’ असं तू लिहिलंस. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बेर्नार एकाच यकृतातली साखर लागोपाठ दोनदा मोजत असे. एकदा वेळ नव्हता म्हणून दुसरं मोजमाप दुसऱ्या दिवशी केलं, तर साखर वाढलेली. त्याने तो आकडा फेकला नाही. १८५५ साली त्याने यकृत आतून पाण्याने धुऊन साखर पूर्ण काढली आणि ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा साखर होती. १८५७मध्ये त्याने ग्लायकोजेन, म्हणजे ज्यापासून यकृतात ही साखर बनते तो पदार्थ, वेगळं काढलं.

तुझे आकडे कदाचित पिपेटच्या चुकीचेच असतील. तरी ते वहीत परत लिही, तारीख आणि अर्काचा बॅच टाकून. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. आणि आजींना विचारून ये, त्या भुईआवळी कुठल्या महिन्यात उपटायच्या, आणि ओलीच वाटायच्या की वाळवून.

तुझी,
मॅडम