मानसशास्त्रानुसार स्किझोफ्रेनिया कसा समजून घ्यावा? तो घरच्यांच्या वागण्यामुळे होतो का?

तुमच्या मावसभावाला स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय आणि नातेवाईक मावशींच्या स्वभावाकडे बोट दाखवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचलं आणि राहवलं नाही. नाही, घरच्यांच्या वागण्यामुळे हा आजार होत नाही. मावशींना कोणी तसं ऐकवत असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. आधी अभ्यास सुटला, मग अंघोळ सुटली, मग खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणं सुरू झालं. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला की त्या घरघरीत त्याला माणसं बोलताना ऐकू यायची. "बघ, उठला. बघ, पाणी पितोय. आता दार लावेल." दिवसभर त्याच्या हालचालींचं असं धावतं वर्णन चालायचं. भास म्हणजे काय ते मला त्याच्या शेजारी बसून कळलं. तो खरंच ऐकत होता. "असं काही नाहीये रे" म्हणून त्याचा उपयोग शून्य.

निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच सुमारास नात्यातले एक काका घरी आले. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, त्यामुळे सगळ्या नात्यात त्यांच्या शब्दाला वजन. चहा घेता घेता आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला लहानपणापासून फार धाकात ठेवलंत. अशाच घरांतल्या मुलांना हे होतं. आमच्या पुस्तकांत आहे."

पुस्तकांत होतं, हे खरं. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या अमेरिकेत काम करणाऱ्या मनोविश्लेषक बाईंनी या आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडलं आणि पुढची कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं. पण १९६६ साली लिओनार्ड हेस्टन यांचा ओरेगॉनमधला अभ्यास आला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं, जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून दूर नेलेली आणि तिच्याशिवाय वाढलेली. त्यांतल्या ५ जणांना मोठेपणी हाच आजार झाला. तशाच प्रकारे वाढलेल्या, पण आईला हा आजार नसलेल्या ५० जणांत एकालाही झाला नाही. म्हणजे आईच्या धाकाचा प्रश्नच नव्हता, आई जवळ नव्हतीच. काका शिकवायला लागायच्या आधी हे छापून आलं होतं. मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसावं, याचा मला आजही संताप येतो.

त्या दिवसानंतर आईने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर एक यादी करायला घेतली. ती मला कपाटात सापडली. "चौथीत पाटी फोडली म्हणून मारलं." "दहावीला केबल काढून टाकली." "ट्रिपला पाठवलं नाही." तारखा आठवतील तशा. तोवर गोळी हातावर ठेवून, तो गिळेपर्यंत समोर उभी राहणारी बाई गोळी ताटाशेजारी ठेवून आत निघून जायला लागली. आपलं बोलणं याला बाधतं, असं तिने मनाशी धरलं होतं. गोळ्या चुकत गेल्या आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. त्या चहाच्या कपाची ही किंमत.

डॉक्टरांनी ती वही वाचली आणि आईला एवढंच विचारलं, "केबल मुलीचीही काढली होती ना?" काढली होतीच. मार मलाही पडला होता.

आता तुमचा मूळ प्रश्न. भास आणि संशय लोकांना चटकन दिसतात, पण उमेद जाणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं हाही आजारच आहे आणि घरचे त्याला आळस म्हणतात. गोळ्यांनी पहिला भाग बराच आटोक्यात येतो, दुसरा हट्टी असतो. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाच्या कामात बिघाड असतो आणि बहुतेक औषधं त्यावरच चालतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण सगळं तिच्यावर नाही: एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण निम्मी किंवा त्याहून थोडी कमी. उरलेल्यात जन्माच्या वेळच्या अडचणी येतात, गांजा येतो. लहानपणी झालेल्या गंभीर अत्याचारांनी धोका वाढतो, हेही मान्य करायला हवं. पण केबल काढणं म्हणजे अत्याचार नव्हे.

काकांसारख्यांचा गोंधळ कुठे होतो तेही सांगते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की सतत टोचून बोलणाऱ्या किंवा जिवाला फार लावून घेणाऱ्या घरांत परतलेले रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. पुढे चंडीगढमध्येही हे तपासलं गेलं. तिथे अशी घरं लंडनच्या मानाने बरीच कमी निघाली. पण हा अभ्यास आजार उलटण्याबद्दल आहे, मुळात होण्याबद्दल नाही. घरचं वातावरण सुधारायचं ते पुढच्यासाठी, मागचा हिशेब काढण्यासाठी नव्हे. आणि आईला गुन्हेगार ठरवून ते सुधारत नाही, हे मी घरात पाहिलंय.

काकांना मी हेस्टनचा अभ्यास छापून पाठवला होता. "प्रत्येक केस वेगळी असते" एवढंच उत्तर आलं. वेगळी असते, तर मग पुस्तकातली ती एक गोष्ट सरसकट सगळ्या आयांवर कशी लागू केलीत?

भाऊ आता महिन्याच्या इंजेक्शनवर आहे आणि चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलं करतो. वजन वाढलंय, हात थोडा थरथरतो, त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं चालू असतं. सगळ्यांचं इतकं बरं होईलच असं नाही, इतर औषधं लागू पडत नाहीत तेव्हा काहींना क्लोझापिन या औषधापर्यंत जावं लागतं आणि त्यात सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. मी डॉक्टर नाही. डोस वाढवणं, कमी करणं, बंद करणं यातलं काहीही माझ्या किंवा कोणाच्याही ऑनलाइन उत्तरावरून करू नका.

मावशींना मात्र एकटं सोडू नका. पुण्याजवळ असाल तर डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे चौकशी करा, तिथे शुभंकरांसाठी म्हणजे सांभाळणाऱ्या घरच्यांसाठीही काम चालतं. लांब असाल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. आणि त्या नातेवाइकांपैकी कोणी मानसशास्त्र शिकलेलं असेल, तर कोणत्या सालचं पुस्तक वाचलंत, एवढं नक्की विचारा.