रात्रीच्या रनमधील एकसारखी फेल्युअर्स आपोआप एकत्र कशी करावीत?

आपला प्रश्न असा आहे की, रात्रीच्या रनमध्ये, म्हणजे रोज रात्री आपोआप चालणाऱ्या सॉफ्टवेअर चाचण्यांमध्ये, दीड-दोनशे चाचण्या फेल होतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ कारण एकच असते, तर त्यांचे आपोआप गट पाडण्यासाठी कोणते टूल घ्यावे. टूलविषयी शेवटी लिहिते. परंतु या कामात मी स्वतः बोलणी खाल्ली असल्यामुळे ती हकिकत आधी सांगणे भाग आहे.

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी एपीआय चाचण्या (सर्व्हरला थेट विनंती पाठवून उत्तर तपासणाऱ्या) सांभाळत होते. रोज सकाळी चाचण्या चालवणाऱ्या जेनकिन्स या टूलवरचे निकाल उघडायचे, फेल झालेल्या चाचण्या एक्सेलमध्ये उतरवायच्या आणि साडेदहाच्या स्टँडअपच्या (रोजच्या छोट्या बैठकीच्या) आत प्रत्येकीपुढे 'बग', 'एन्व्हायर्नमेंट' (दोष टेस्ट सर्व्हरचा) किंवा 'स्क्रिप्ट' (दोष चाचणीच्याच कोडचा) असे लिहायचे, हे माझे काम. त्याला कंटाळून मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक्सेप्शनचा (चाचणी पाडणाऱ्या त्रुटीचा) प्रकार, त्याचा संदेश आणि स्टॅक ट्रेसमधल्या (त्रुटीपर्यंत कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले त्या यादीतल्या) लायब्ररीच्या फ्रेम्स, म्हणजे नोंदी, वगळून आमच्या कोडच्या वरच्या दोन फ्रेम्स, यांचा मिळून हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली ठरावीक खूण, काढायचा. हॅश जुळला की गट एक. संदेशातले ऑर्डर क्रमांक, वेळ आणि सेशन आयडी आधी पुसून टाकले होते. फ्रेममधला ओळ क्रमांकही काढला होता, कारण फाइलमध्ये वर कुठे एक ओळ वाढली तरी कालचाच गट आज नवा म्हणून उभा राहतो. पहिल्या दिवशी १८० फेल्युअर्सचे ४१ गट झाले.

मला ते पुरेसे वाटले, आमच्या लीडना वाटले नाही. ४१ हा आकडा वर दाखवता येणार नाही, गट जितके कमी तितके बरे, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी संदेशातले सरसकट सगळेच अंक पुसावेत, असा त्यांनी आग्रह धरला. मी रिव्ह्यूमध्ये हरकत घेतली आणि मग ती एक ओळ स्वतःच्याच हाताने लिहिली. गट १२ झाले. कौतुकही झाले.

अंक पुसल्यावर 'अपेक्षित स्टेटस २००, मिळाला ५०३' आणि 'अपेक्षित स्टेटस २००, मिळाला ५००' हे दोन संदेश अक्षरशः एकच झाले. फ्रेम्सनीही वाचवले नाही, कारण स्टेटस तपासणारा हेल्पर आणि त्याला बोलावणारा बेस क्लास सगळ्याच चाचण्यांचा सामाईक होता. ५०३, म्हणजे सर्व्हर उपलब्ध नसणे, हे आमच्या टेस्ट सर्व्हरचे जुने दुखणे असल्यामुळे त्या गटावर 'एन्व्हायर्नमेंट' असा शिक्का होता, आणि स्क्रिप्ट तो शिक्का रोज इमानदारीने पुढे नेत होती. त्या गर्दीत रिफंडच्या ३ चाचण्या ५००, म्हणजे सर्व्हरमधली अंतर्गत चूक, घेऊन येऊन बसल्या. कूपन न वापरलेल्या ऑर्डरचा रिफंड नव्या कोडमध्ये कोसळत होता, आणि ९ दिवस तो गट कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. दोष शेवटी क्लायंटला सापडला. बैठकीत 'स्क्रिप्ट कोणाची?' असे विचारले गेले, तेव्हा लीड लॅपटॉपमध्ये पाहत होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एका दोषाचे ५ गट पडले तर आपली १० मिनिटे जातात, दोन दोष एका गटात गेले तर दुसरा दोष आपल्यापुरता नाहीसा होतो. हे दुःख केवळ आमचे नव्हे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एरर रिपोर्टिंग या, क्रॅशचे अहवाल गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या १० वर्षांच्या अनुभवावर २००९ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात एकच बग अनेक गटांत विखुरणे आणि अनेक बग एकाच गटात कोंबले जाणे, या दोन्ही चुका मांडलेल्या आहेत. आमच्याकडे नंतर स्टेटस कोड आणि आयडी झाकलेला एंडपॉइंटचा (विनंती जिथे जाते त्याचा) पत्ता हे दोन्ही हॅशमध्ये घेतले, आणि एखाद्या गटात पूर्वी नसलेली चाचणी शिरली की जुना शिक्का आपोआप गळून पडेल अशी सोय केली. रिफंडच्या त्या ३ चाचण्या एवढ्यानेही पहिल्याच सकाळी उघड्या पडल्या असत्या.

आता टूल. अलूर (Allure) या चाचण्यांचे अहवाल बनवणाऱ्या टूलमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधण्याचा साचा) देऊन फेल्युअर्सचे प्रकार पाडता येतात आणि सुरुवातीला तेवढे भागते. रिपोर्टपोर्टल हे निकाल साठवणारे टूल जुन्या निकालांशी तुलना करून कारण स्वतःच लावते, मात्र ते आपले आपण चालवायचे तर स्वतंत्र सर्व्हरवर सांभाळावे लागते. टेस्टएनजी हे जावाचे चाचणी फ्रेमवर्क वापरत असाल तर स्किप झालेल्या चाचण्याही मोजणीत घ्या. तिथे सेटअपची मेथड पडली की तिच्यावर अवलंबून असलेल्या चाचण्या फेल न होता स्किप होतात, आणि सर्वांत मोठा गट यादीबाहेरच राहतो.

हे सारे एपीआय चाचण्यांच्या अनुभवावरून लिहिले आहे. सेलेनियमच्या (ब्राउझर चालवून केलेल्या) चाचण्यांत बटण दिसले नाही तरी टाइमआउट आणि सर्व्हर पडला तरी टाइमआउटच, त्यामुळे तिथे नुसत्या संदेशावर आणि फ्रेम्सवर विसंबता येणार नाही. त्या वेळचा सर्व्हर लॉग जोडावा लागेल. शिवाय कधी पास तर कधी फेल होणाऱ्या चाचण्या आधी वेगळ्या काढाव्या लागतील. आमच्या रोजच्या अहवालातून मी 'एकूण गट' हा रकाना काढून टाकला होता. लीडनी तो दोनदा परत मागितला, मी काही दिला नाही.