पाच आणि आठ वर्षांच्या मुलांबरोबर सुतारकामाची सुरुवात कशी करावी?

मुलगा आठचा, मुलगी पाचची, सुट्टीत दोघांना घेऊन लाकडाचं काहीतरी करायचंय, स्वतःला हातोडी धरण्यापलीकडे काही येत नाही आणि पहिलं काम म्हणून पक्ष्यांचं घरटं मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय.

घरटं नको. निदान पहिल्यांदा तरी नको. मी त्यात तोंडघशी पडलेली आहे.

माझा मुलगा सहाचा असताना मीही घरट्यापासूनच सुरुवात केली होती. सहा फळ्या, त्यातल्या दोन वरून तिरप्या कापायच्या, समोरच्या फळीला गोल भोक. तिरपं कापणं मलाच धड जमेना, त्याला कुठून जमणार! मग "थांब, एवढं मी करते" असं म्हणत म्हणत सगळं घरटं मीच केलं आणि त्याच्या वाट्याला शेवटी रंगाचा ब्रश आला. तो त्याने पाच मिनिटं फिरवला आणि उठला. मी पसारा आवरत होते तेव्हा हा कोपऱ्यात बसून उरलेल्या तुकड्यात खिळे ठोकत होता. चांगला तासभर. ओळ नाही, आकार नाही, नुसते खिळे. घरटं मला हवं होतं, त्याला नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस काही बनवायचंच नाही. मऊ लाकडाचा एक जाड ठोकळा किंवा ओंडका आणा, जमिनीवर पक्का बसेल असा, मुलीच्या कमरेपेक्षा थोडा खालीच. मोठ्या डोक्याचे, साधारण २५ मिमीचे खिळे आणा. हातोडी खरी हवी, फक्त हलकी, दोनशे ते अडीचशे ग्रॅम वजनाची आणि आखूड दांड्याची. खेळण्यातला प्लॅस्टिकचा संच घेऊ नका. त्याने खिळा आत जात नाही, मूल चिडून जास्त जोर लावतं आणि लागतं ते तेव्हाच.

बोटं चेचली जातील ही भीती तुम्हाला असणारच. पहिला खिळा बोटांनी धरूच नये. कपड्यांच्या चिमट्यात धरायचा, किंवा जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत खोवून ती पट्टी लांबून धरायची. टुकटुक करत खिळा आपला आपण उभा राहिला की पुठ्ठा ओढून काढायचा आणि मगच जोरात ठोकायचं. पाच वर्षांच्या मुलीला सुरुवातीला बाल्सा लाकूड मिळालं तर उत्तम, ते इतकं मऊ असतं की हलक्या ठोक्यानेही खिळा जातो. मोठ्याला पाइन चालेल. साग, शिसव वगैरे या वयात विसरा, मोठ्यांचे खिळेसुद्धा त्यात वाकतात.

फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकला की फळी उभी चिरते, आणि मुलांचा मूड तिथेच जातो. यावरचा उपाय मला एका सुतारकाकांनी सांगितला. खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीचा एक टोला द्यायचा आणि टोक बोथट करायचं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण अणकुचीदार टोक लाकडाचे रेषे पाचरीसारखे फाकवत जातं, बोथट टोक ते दाबून तोडत जातं, म्हणून चीर पडत नाही. मुलांना एकाच फळीवर दोन्ही प्रकार करून दाखवा. माझ्याकडे त्यानंतर आठवडाभर घरातला प्रत्येक खिळा बोथट होत होता.

खिळ्यांचा कंटाळा आला की हाताने फिरवायचं ड्रिल, ते दाते असलेलं चाक आणि मूठवालं. लोक मुलांना सगळ्यात शेवटी देतात ते हत्यार खरं तर सगळ्यात निर्धोक आहे, कारण एक हात वरच्या मुठीवर आणि दुसरा चाकाच्या दांडीवर असतो, बोट मध्ये यायला जागाच नाही. लाकूड मात्र क्लॅम्पने, म्हणजे टेबलाला घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याने, आवळलेलं हवं. ते हाताने धरू द्यायचं नाही, तुम्हीही धरायचं नाही. खालून एक टाकाऊ फळी लावा म्हणजे भोकाच्या मागच्या बाजूला ढलप्या निघत नाहीत.

करवतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी धास्ती तिचीच असते. नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते. छोट्या हातांचा जोर वाकडा पडला की तिचं पातं लचकतं आणि अडकतं. जपानी पद्धतीची करवत ओढताना कापते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ असलं तरी वाकत नाही आणि कमी जोरात कापतं. शिवाय तिची मूठ लांब असते, त्यामुळे दोन्ही हात मुठीवर राहतात. माझ्याकडे हाच एक कडक नियम आहे: करवत चालू असताना दोन्ही हात मुठीवर. एक हात सुटला की काम थांबलं, ओरडाआरडा नाही, भाषण नाही. पहिली खाच तुम्ही पाडून द्या, पुढचं मूल करेल. "दाबू नकोस, नुसती लांब ओढ" हे मला दिवसातून वीस वेळा म्हणावं लागतं. करवत एकच ठेवा आणि ती चालू असेपर्यंत तुम्ही त्याच मुलाजवळ. दुसऱ्याला तेवढ्या वेळात पॉलिश पेपर द्या. खरखरीत ८० नंबरने सुरुवात, मग त्याहून बारीक १२०, आणि रेषांच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही. मुलांना हे काम आवडेल असं मी सांगणार नाही. दहा मिनिटं चालतं.

डोळे जपणारा चष्मा दोघांना आणि तुम्हालाही, मुलांच्या मापाचा. मोठ्यांचा दिला तर तो नाकावरून घसरतो आणि दोन मिनिटांत टेबलावर जातो. हातमोजे नकोत, पकड सुटते.

लाकूड कुठलं घेऊ नये हे जास्त महत्त्वाचं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबून केलेली फळी, नको. ते चिकटवायला बहुधा फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं आणि घासलं की अगदी बारीक धूळ उडते. जुन्या रंगवलेल्या फळ्या नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. मालवाहतुकीच्या पॅलेटचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्यावरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णतेने कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबी असेल तर घरात आणू नका. आणि भुसा फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. मुलांना फुंकायलाच आवडतं, त्यामुळे हे सांगत राहावं लागेल.

मग बनवायचं काय? मुलीसाठी ठोकळ्याची गाडी: एक ठोकळा, त्यावर चिकटवलेला छोटा ठोकळा, चाकांना बाटल्यांची झाकणं, प्रत्येकात एक खिळा. झाकणांना भोकं खिळ्यापेक्षा किंचित मोठी पाडा, नाहीतर चाकं फिरत नाहीत आणि मग रडारड. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ही गाडी त्याच्या हाती देऊ नका, सुटलेलं झाकण सरळ तोंडात जातं. मुलाला झाकण नसलेली पेटी करू द्या, पेन्सिली ठेवायला. सगळे काप सरळ, पण गुण्याने काटकोन आखणं, मोजणं, गोंद लावून क्लॅम्प आवळणं, खिळे हे सगळं त्यात येतं. पेटी वाकडी होईल. होऊ द्या.

स्वीडनमध्ये १८७० च्या दशकात ओटो सालोमन यांनी नेस इथे शिक्षकांना 'स्लॉइड' पद्धतीचं लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली. वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी, कामं सोप्याकडून अवघडाकडे जायला हवीत आणि शिक्षकाने मुलाच्या कामाला हात लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. पहिले दोन नियम पाळणं सोपं आहे. तिसऱ्यासाठी मी अक्षरशः हात मागे बांधून उभी राहते, आणि तरीही कधीकधी सुटतातच.

तुम्हाला स्वतःला येत नाही याची काळजी करू नका. वाकलेला खिळा पकडीने उपसून पुन्हा ठोकताना आई किंवा बाबा दिसले की मुलंही आपला वाकलेला खिळा लपवत नाहीत.

आणि पुढच्या सुट्टीत मोठ्याला घरटं करायचंच असेल तर छत तिरपं न करता सपाट ठेवा, म्हणजे तिरपे कापच उरत नाहीत. छताची फळी फक्त पुढे थोडी बाहेर येऊ द्या. आतून रंग लावू नका, तळाला पाणी निघायला चार बारीक भोकं पाडा, आणि भोकाखाली ती बसायची दांडी लावू नका. पक्ष्यांना ती लागत नाही, अंड्यांवर टपलेल्यांना मात्र उपयोगी पडते. चार भोकं मुलीकडून पाडून घ्या, तोवर तिला ड्रिल छान येत असेल.