मरळीसाठी वीडगार्डवाली जिग घरी कशी बनवावी? रंग का सोलतो?

तुमचा प्रश्न असा आहे: कराडजवळच्या तळ्यात मरळीसाठी जिग (गळावर शिशाचं डोकं ओतून केलेलं आमिष) टाकता, दर खेपेला एखादी जलपर्णीत अडकून तुटते. म्हणून घरी ओतून पाहिली, तर वीडगार्ड (गळ गवतात अडकू नये म्हणून टोकापुढे बसवतात तो नायलॉनच्या तंतूंचा झुपका) वितळलं आणि रंग दोन दिवसांत सोलून निघाला.

मी सांगलीचा. हरिपूरच्या संगमाच्या खाली-वर कृष्णेकाठी गळ टाकतच मोठा झालो. वीडगार्ड का वितळलं ते मला लगेच कळलं, कारण माझ्या पहिल्या बारा जिग अशाच वाया गेल्या. क्रम चुकतोय. आधी ओतायचं, मग रंगवायचं, मग तो रंग ओव्हनमध्ये पक्का करायचा आणि वीडगार्ड सगळ्यात शेवटी चिकटवायचं. नायलॉन आधी बसवलं की ओव्हनच्या आचेनं ते मऊ पडतं, वाकतं आणि भोकातच चिकटून बसतं.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन अर्ध्या भागांचा करा. साचा पूर्ण सुकलेला हवा, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. उन्हात चार-पाच दिवस ठेवा, नंतर ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवा. आत ओल राहिली तर ३२७ अंशांच्या पुढचं वितळलेलं शिसं पडताच तिची वाफ होते आणि शिसं थेट तोंडावर उडतं. पावसाळ्यात हे काम काढूच नका. वीडगार्डच्या भोकासाठी ३ मिलिमीटरचा खिळा डोकं कापून, टोकाकडे किंचित निमुळता घासून साच्याच्या सांध्यात तिरका बसवा, म्हणजे पुढे झुपका गळाच्या टोकाकडे झुकेल. खिळ्यावर आणि साच्यात मेणबत्तीची काजळी धरा. शिसं काजळीला चिकटत नाही, खिळा पक्कडीनं सहज निघतो.

शिसं वितळवायचं ते उघड्यावर, लोखंडी पळीत. ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे हवेत. लेकरांना जवळ येऊ देऊ नका. जुनी बॅटरी फोडून शिसं काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात आम्ल असतं आणि विषारी भुकटीही. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं चालतात, पण त्यात जस्ताचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून आच बेताची ठेवली की जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. शिसं टाळायचं असेल तर कथिल घ्या. ते २३२ अंशांना वितळतं, महाग पडतं आणि त्याच साच्यातली जिग बरीच हलकी होते.

आता रंग. नेलपेंट किंवा साधं इनॅमल दगडावर आपटलं की टवके उडतात. पावडर कोटिंग करा, म्हणजे तापवल्यावर वितळून चिकटणारी कोरडी रंगाची पावडर लावा. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचं वर्कशॉप शोधा आणि शंभर-दोनशे ग्रॅम पावडर मागा, एवढी खूप दिवस पुरते. शिशाचं डोकं थिनरनं पुसा. तेलकट बोट लागलं तरी तिथून रंग सुटतो. घासायचं असेल तर पाण्यात ओलं करूनच घासा, कोरडी धूळ नाकात जाते. खिळा जागेवरच ठेवून गळ पक्कडीत धरा, डोकं हीटगननं (गरम हवा फेकणाऱ्या यंत्रानं) सगळीकडून सारखं तापवा, हलवून भुसभुशीत केलेल्या पावडरीत एक-दोन सेकंद बुडवा आणि झटकून काढा. रंग लगेच वितळून चकाकला तर तापमान बरोबर. ओघळ आला तर जास्त तापलं, भुरभुरा राहिला तर कमी. गरम असतानाच सुईनं गळाचं नेढं (दोरी ओवायचं भोक) मोकळं करा, नंतर ते फार त्रास देतं.

बहुतेकांचं इथंच चुकतं: रंग चकाकला म्हणजे पक्का झाला असं नाही. जिग गळानं टांगून जुन्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) सुमारे १८० अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवा. त्या ओटीजीत पुन्हा खाण्याचं काही करू नका. तुमचा रंग बहुधा ही भाजणी न झाल्यानेच सोलला.

गार झाल्यावर खिळा काढा. वीडगार्डसाठी अर्ध्या मिलिमीटरचा तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) घ्या. रिळावरून निघालेला तंगूस वेटोळा असतो, म्हणून दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधा, वरून कढत पाणी ओता आणि रात्रभर तसाच ठेवा. मग वीस-बावीस तंतूंची जुडी एका टोकाला लायटरनं जरा वितळवून जोडा आणि एरल्डाइट लावून भोकात बसवा. दुसऱ्या दिवशी गळाच्या टोकापुढे ३-४ मिलिमीटर राहील इतकी कापा आणि बोटानं पसरवा.

ताठपणा हीच खरी कसोटी. बोटानं दाबल्यावर झुपका सहज मागे जाऊन गळाचं टोक बोटाला जाणवायला हवं. नाही जाणवलं तर बुडापासून दोन-चार तंतू कापा. मरळीचा जबडा हाडकट असतो, झुपका फार ताठ असला तर ओढ बसूनही गळ रुततच नाही. दाट पाणकणसात पूर्ण झुपका ठेवा, उघड्या पाण्यात निम्मा पुरतो.

झालर (डोक्यामागे लोंबणाऱ्या रबरी पट्ट्या) तुमच्या आवडीची लावा, गढूळ पाण्यात मी काळी वापरतो.

अडकून तुटलेली प्रत्येक जिग म्हणजे पाण्यात पडलेलं शिसं. ब्रिटनमध्ये हंस लहान वजनं गिळून मरायला लागले, म्हणून १९८७ मध्ये मासेमारीसाठी तसल्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्याकडचे बगळे, बदकं त्याच काठावर चरतात. धरणातल्या मासेमारीचा ठेका बऱ्याचदा मच्छीमार संस्थेकडे असतो, तिथं आधी विचारून मगच टाका. आणि पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला तर खाली मरळीची जोडी त्यांची राखण करत असते. तेव्हा जिग पेटीतच राहू द्या.